पिवळी स्कूटर

गणपतीपुळ्याला लोक दर्शनाला जातात, समुद्रावर जातात, मोदक खायला जातात. मी यंदा गेले ती एका ई-मेलपासून पळून.

ई-मेल दुसऱ्या कुणाचा नव्हता, मलाच लिहायचा होता. एका ठिकाणी माझ्या चार लेखांचे मिळून बत्तीस हजार रुपये पाच महिने अडकले होते. लेख छापून आले, लोकांनी व्हॉट्सअॅपवर फिरवले, आईने शेजारच्या काकूंना दाखवले. फक्त पैसे तेवढे आले नाहीत. आणि मी काय करत होते? दर पंधरा दिवसांनी एक मेल लिहायला घ्यायचे. ‘त्रास देतेय त्याबद्दल माफ करा’ अशी सुरुवात करायची आणि ड्राफ्टमध्ये टाकून द्यायची. मास कम्युनिकेशनच्या दोन वर्षांत आम्हाला हेडिंग कसं द्यायचं, मुलाखत कशी घ्यायची, कॅमेरा कसा धरायचा, सगळं शिकवलं. आपलेच पैसे कसे मागायचे, हा पेपर सिलॅबसमध्ये नव्हता.

त्यातच एका कॉर्पोरेट ऑफिसमधून नोकरीची ऑफर आलेली. पीएफ, मेडिक्लेम, एक तारखेला पगार. सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. मग काय, लॅपटॉप पाठीला मारला, रत्नागिरीची ट्रेन पकडली आणि तिथून एसटीने आरे-वारेच्या घाटीवरून पुळ्यात उतरले. त्या वळणावर समुद्र एकदम समोर येतो ना, तेव्हा सोमवारही चार दिवस लांब वाटतो.

हा रस्ता माझ्या लहानपणीचा नाही. तेव्हा आम्ही पुण्याहून मारुती ८०० ने यायचो. कुंभार्ली घाट, चिपळूण, मग हायवेने निवळी फाटा आणि तिथून पुळे. गाडीत टेपवरून भांडण ठरलेलं. शेवटी तह झाला होता : चिपळूणपर्यंत आईची भावगीतं, चिपळूणनंतर बाबांचा रेमो. निवळी फाट्याला टेप बंद, कारण आता देवाची वाट. म्हणजे माझ्या डोक्यात रेमो फर्नांडिस म्हणजे चिपळूण ते निवळी, लाल माती, कलमांची झाडं आणि मागच्या सीटवर लागलेली उलटी. (सॉरी, पण खरं आहे.)

बाबा लग्नाआधी दोन वर्षं म्हापशाच्या बँकेत होते. ‘गोअन क्रेझी’ची कॅसेट त्यांनी तिथेच घेतलेली. पुळ्यातल्या होम-स्टेच्या पडवीत बसून, मेल लिहायचा सोडून मी तीच गाणी मोबाइलवर लावली. बाबांना फोन केला तर ते एकदम खूश. म्हणाले, ‘‘अगं, त्या कॅसेटमधलं सगळं त्याने एकट्याने केलंय. गाणी त्याची, वाद्यं त्याची. आणि विकायलाही स्कूटरवरून तोच यायचा म्हणे दुकानांत.’’

स्कूटर? ही गोष्ट मला कुणी आधी का सांगितली नव्हती?

आपल्याला रेमो माहीत आहे तो हिंदी सिनेमातला. १९८७ च्या ‘जलवा’चं टायटल साँग, मणिरत्नमच्या ‘बॉम्बे’तलं (१९९५) रहमानचं ‘हम्मा हम्मा’, १९९८ मध्ये जसपिंदर नरुलाबरोबरचं ‘प्यार तो होना ही था’. २००७ साली पद्मश्री. थोडक्यात, स्टार. पण या सगळ्याच्या आधीची काही वर्षं मला जास्त इंटरेस्टिंग वाटली.

१९५३ साली पणजीत जन्म, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज गोव्यात. मुंबईत जे. जे. मधून आर्किटेक्चरची डिग्री. घरच्यांना हायसं वाटेल असं सगळं. मग १९७७ ते १९८० या काळात हा माणूस युरोप आणि उत्तर आफ्रिकेत मिळेल त्या गाडीला हात करून फिरला, तिकडच्या बँड्सबरोबर वाजवलं आणि परत गोव्यात आला. त्याला गाणी करायची होती ती स्वतःची, इंग्रजीत आणि गोव्याबद्दल. आता विचार करा, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या कुठल्या कंपनीला यात धंदा दिसणार होता?

मग त्याने घरीच रेकॉर्डिंग करायचं ठरवलं. इथे थोडं टेक्निकल सांगते, कारण मला हे कळलं तेव्हा मी उठून फेऱ्याच मारायला लागले. १९७९ मध्ये टीअॅक कंपनीने पोर्टास्टुडिओ नावाचं यंत्र काढलं. आपली साधी कॅसेट असते ना, तिच्या ए बाजूला दोन ट्रॅक आणि बी बाजूला दोन. हे यंत्र ते चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरतं. म्हणजे एकावर गिटार वाजवा, टेप मागे न्या, ती ऐकत ऐकत दुसऱ्यावर बेस वाजवा, तिसऱ्यावर ढोल. आता गाणं आणि बासरी राहिली आणि ट्रॅक उरला एकच! मग पहिले तीन मिसळून त्या चौथ्यावर उतरवायचे, की तीन पुन्हा मोकळे. पण एकदा मिसळलं की मिसळलं. गिटार जास्त मोठी झाली म्हणून नंतर ती एकटी कमी करता येत नाही. आणि दर उतरवणीला टेपची खरखर वाढते ती वेगळीच. ‘अनडू’ नावाचं बटण तेव्हा कुणाच्या आयुष्यात नव्हतं. आम्ही एका इंट्रोचे अकरा ड्राफ्ट करतो!

अशा चार ट्रॅकवर रेमोने १९८४ चा ‘गोअन क्रेझी’ केला. शब्द, चाली, सगळे आवाज, सगळी वाद्यं, रेकॉर्डिंग, अगदी कॅसेटचं कव्हरसुद्धा स्वतःचं. आणि मग पिवळ्या स्कूटरवर कॅसेट्स लादून गोवाभर दुकानादुकानांत स्वतःच पोहोचवल्या. पुढच्याच वर्षी ‘ओल्ड गोअन गोल्ड’. तेव्हा गोवा वेगळं राज्यसुद्धा नव्हतं, दमण-दीवबरोबरचा केंद्रशासित प्रदेश होता. राज्याचा दर्जा १९८७ चा. १९८५ च्या श्याम बेनेगलांच्या ‘त्रिकाल’मध्ये रेमो गाताना दिसला, ‘पॅक दॅट स्मॅक’ आणि ‘बॉम्बे सिटी’ आले आणि मुंबईने त्याला ओळखलं. स्कूटर आधी, मुंबई नंतर.

ही गोष्ट सांगताना आपण सगळे वाद्यांवर थांबतो. गिटार वाजवतो, बासरी वाजवतो, की-बोर्ड वाजवतो, बापरे! मलाही आधी तेच भारी वाटलं. पण पडवीत बसून मी विचार करत होते तो स्कूटरचा. गाणं करणाऱ्या माणसाने दुकानाच्या पायरीवर उभं राहून ‘ही माझी कॅसेट, ठेवता का?’ म्हणायचं. दुकानदार गिऱ्हाइकात बिझी. पंधरा दिवसांनी परत त्याच पायरीवर, ‘किती खपल्या?’ हे दृश्य माझ्या कल्पनेतलं आहे, त्याने ते कसं निभावलं हे मी पाहिलेलं नाही. पण स्कूटरवरून कॅसेट पोहोचवायची म्हटलं की ती पायरी आलीच. तिथे बासरी कामाला येत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करू या. रेमोच्या पाठीशी डिग्री होती आणि रेकॉर्डिंग करायला स्वतःचं घर होतं. माझ्या घराचं भाडं दर पाच तारखेला जातं. त्यामुळे ‘त्याने केलं, मीही करीन, नोकरी गेली उडत’ असले फिल्मी निष्कर्ष मी काढले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगराची प्रदक्षिणा करून आले. इथे गाभाऱ्याला वेगळी प्रदक्षिणा नाही, अख्ख्या टेकडीलाच घालायची, साधारण किलोमीटरभर. परत आले तर होम-स्टेच्या काकू ओटीवर आंबापोळीची पाकिटं मोजत होत्या. खांदा आणि कान यांच्यात फोन.

‘‘नाही हो, राग कसला? मागच्या चाळीस पाकिटांचे यायचेत, ते आले की हा माल गाडीवर चढवते. हो हो, आजच चढवते, तुम्ही पाठवा तर खरे. बाकी, वहिनींचा गुडघा कसा आहे?’’

फोन ठेवला. पाच मिनिटांत मोबाइल टिंग वाजला आणि त्यांनी वहीत एका ओळीवर रेघ मारली.

मी न राहवून विचारलं, ‘‘काकू, पैसे मागताना तुम्हाला अवघडल्यासारखं नाही होत?’’

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘‘उन्हात चार दिवस रस मी वाळवला, कावळे मी हाकलले. अवघडायला त्यांनी हवं ना गो!’’ आणि परत मोजायला लागल्या. चुकलं बहुतेक माझ्यामुळे, कारण पहिल्यापासून सुरुवात केली.

मी पडवीत जाऊन ड्राफ्ट उघडला. ‘त्रास देतेय’ काढलं. ‘माफ करा’ काढलं. ‘शक्य असल्यास’ काढायला जरा वेळ लागला, पण तेही काढलं. उरल्या चार ओळी : कुठले लेख, कधी छापले, किती रक्कम, कुठल्या तारखेपर्यंत हवी. खाली, ती जमा झाल्यावर पुढचा लेख पाठवते. विचारपूस करायला त्यांच्या वहिनींचा गुडघा मला माहीत नव्हता, म्हणून ‘कळावे’ लिहिलं आणि पाठवून दिला. हात गार पडले होते, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी उत्तर आलं. ‘अकाउंट्सला सांगितलं आहे.’ तुमच्यापैकी ज्यांनी फ्रीलान्सिंग केलंय त्यांना या वाक्याची किंमत माहीत आहे. त्यामुळे मी मोबाइलवर सोमवारचे दोन रिमाइंडर लावले : एक अकाउंट्सला फोन, दुसरा नोकरीचं उत्तर. आधी अकाउंट्स.

निघताना काकूंकडून बाबांसाठी चार पाकिटं आंबापोळी घेतली. मनात आलं, तीन दिवसांची ओळख, किलोभर गप्पा, एखादं पाकीट अशीच देतील. काकूंनी चारही पाकिटांचे पैसे मोजून घेतले, वहीत लिहिलं, वरचे वीस रुपये परत दिले आणि म्हणाल्या, ‘‘तुझ्या ओळखीत पुण्यात कुणाला हवी असेल तर नंबर दे हो माझा. पाठवते. पैसे आधी.’’