लेथवरचे दिवस

शनिवार, ५ एप्रिल २०२५. सेंट पॉल, मिनेसोटा.
अंगणातला बर्फ गेला. आज कातकाम क्लबची महिन्याची बैठक होती. क्लबच्या वार्तापत्राचं काम माझ्याकडे असल्यामुळे वही उघडूनच बसले. सगळ्यात जास्त वेळ गेला तो ॲश या झाडाच्या ओंडक्यांवर. एका सभासदाच्या गल्लीतली पालिकेची झाडं पाडली आणि त्याने ट्रकभर लाकूड आणून टाकलं. ज्याला जे हवं ते फुकट.

या फुकटच्या लाकडामागची गोष्ट मात्र दुःखाची आहे. पूर्व आशियातून आलेला एक हिरवा, चकाकता भुंगा २००२ साली डेट्रॉइटजवळ सापडला आणि २००९ मध्ये आमच्या सेंट पॉलला पोचला. त्याच्या अळ्या ॲशच्या सालीखाली नागमोडी बोगदे पोखरतात. झाडाचं अन्नपाणी तुटतं आणि काही वर्षांत ते उभ्याउभ्या वाळतं. गल्ल्याच्या गल्ल्या उघड्या पडल्या. पण अळी सालीत आणि तिच्या लगतच्या लाकडातच राहते, आतलं लाकूड शाबूत असतं. म्हणून क्लबचा नियम असा: साल आणि तिच्याखालचं अर्धा इंच लाकूड इथेच काढून जाळायचं आणि ओंडका परगण्याबाहेर न्यायचा नाही. मे ते सप्टेंबर भुंगा उडतो, तेव्हा तर ॲशला हातच लावायचा नाही. जे न्यायचं ते एप्रिलमध्येच न्या, असं अध्यक्षीणबाईंनी दोनदा बजावलं.

शनिवार, १२ एप्रिल.
माझ्या वाट्याच्या ओंडक्याचे उभे दोन भाग केले. मधला गाभा काढून टाकला, कारण पहिली भेग तिथूनच फुटते. मग ओल्या लाकडाचे वाडगे कातायला घेतले. ओलं लाकूड कातायला सुख असतं. लांबच्या लांब ओल्या ढलप्या खांद्यावरून मागे उडतात आणि धूळ जवळजवळ नसतेच.

वार्तापत्रासाठी टीप: ओला वाडगा पहिल्या फेरीत जाडच ठेवा. व्यासाचा दहावा हिस्सा जाडी धरा, म्हणजे बारा इंची वाडग्याची भिंत सुमारे सव्वा इंच. लाकूड सुकताना वर्षवलयांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मं गाभ्याकडून सालीकडे आकसतं आणि लांबीत जवळजवळ आकसतच नाही. त्यामुळे गोल वाडगा सुकून लंबगोल होणारच. तो पुन्हा गोल करायला पुरेल एवढी जाडी हाताशी हवी. वाडग्याच्या ज्या दोन बाजूंना लाकडाच्या रेषांची टोकं उघडी पडतात तिथे मेण लावा, वाडगा कागदी पिशवीत ठेवा, वर तारीख आणि वजन लिहा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. याला सहा महिने, कधी वर्षही लागतं.

मंगळवार, २२ एप्रिल.
आज कार्यशाळा सगळ्यांसाठी उघडी होती. नवे तिघे आले होते. तिघांनी नवी हत्यारं घेतली होती आणि तिघांनाही वाटत होतं की दुकानातून आलेली पटाशी धारदारच असते. आमच्यातले सगळ्यात जुने आजोबा त्यांना थेट साणेकडे घेऊन गेले. लेथ सुरूच केला नाही.

त्यांची रीत वहीत उतरवून ठेवते. वाडग्याच्या गोल पटाशीच्या उतरत्या कडेवर मार्कर पेनने काळं फासायचं. चाक हातानेच हळू फिरवून पटाशी टेकवायची आणि काळं कुठे पुसलं ते पाहायचं. फक्त टोकाशी पुसलं तर कोन फार बोथट बसलाय, फक्त टाचेशी पुसलं तर फार निमुळता. सगळीकडे सारखं पुसलं की मगच मोटर सुरू. मग अलगद एकच फेरी, दाब न देता. हाय स्पीड स्टीलला निळसर डाग पडला तरी घाबरायचं नाही, पण तापलेलं टोक पाण्यात बुडवायचं नाही, त्याने बारीक तडे जातात. आणि धार गेल्यावर नाही, जायला लागली की लावायची. कड बोथट झाली की हात नकळत जोर लावतो, आणि अपघात त्या जोरातून होतात.

शनिवार, ३ मे.
बैठकीत सुरक्षेचा तास. बारा इंची वाडगा मिनिटाला ७५० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याची कड ताशी सुमारे ४३ किलोमीटर वेगाने धावते. चुकून ३००० फेऱ्यांवर सुरू झाला तर १७२ किलोमीटर. तेवढ्या वेगाने फुटलेल्या तुकड्यापुढे साध्या चष्म्याचं काही चालत नाही. संपूर्ण चेहरा झाकणारं शील्ड हवंच. वेगाचा ढोबळ हिशोब असा: इंचातला व्यास गुणिले फेऱ्या, हे उत्तर ६००० ते ९००० च्या आत ठेवा. ठोकळा वेडावाकडा असेल तर त्याहूनही खाली. बटण दाबण्याआधी लाकूड हाताने पूर्ण फिरवून पाहा, आणि सुरू करताना त्याच्या समोर उभे राहू नका.

हातमोजे नकोत, सैल बाह्या नकोत, अंगठी नको. याच्यापुढे मी माझं वाक्य जोडलं: बांगड्या, मंगळसूत्र, ओढणी दाराबाहेर. लेथला सण-सोहळा कळत नाही.

बुधवार, १४ मे.
‘बीड्स ऑफ करेज’साठीचे डबे गोळा केले. गंभीर आजार असलेल्या मुलांना प्रत्येक उपचारासाठी एक मणी देण्याची ही योजना आहे. सुई टोचली की काळा मणी, केमोथेरपी झाली की पांढरा, रात्र रुग्णालयात काढली की पिवळा. मण्यांच्या माळा लांबतच जातात, म्हणून देशभरचे कातकाम क्लब त्या ठेवायला झाकणाचे डबे करून देतात. आज एका डब्याचं झाकण इतकं घट्ट बसलं होतं की मलाही दोन्ही हात लावावे लागले. सुबक काम होतं, तरी परत केलं. घट्ट झाकणाचा टप् असा आवाज कारागिराला आवडतो, पण सलाइन लावलेल्या मुलाला ते एका हाताने उघडता आलं पाहिजे.

शनिवार, २४ मे.
‘आणा आणि दाखवा’मध्ये मी सावंतवाडीची लाकडी फळं नेली. आंबा, केळं, सीताफळ, कारलं. लोकांनी आधी वास घेऊन पाहिला! मग प्रश्न सुरू झाले. मी तिथल्या चितार आळीबद्दल सांगितलं, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाबद्दल सांगितलं. पूर्वी आपल्याकडचा कातारी जमिनीवर बसून एका हाताने धनुकली ओढत लाकूड फिरवी, दुसऱ्या हातात पटाशी धरी आणि ती पायाने सावरी. लाकूड पुढे-मागे दोन्हीकडे फिरे, काप मात्र एकाच दिशेला बसे. मोटरवाल्यांना हे पटेना, तेव्हा आजोबांनीच उभं राहून पायाची जागा करून दाखवली.

लाखेचंही सांगितलं. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळून बसते. चन्नपट्टणचे कारागीर मग केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. ना ब्रश, ना वाळण्याची वाट पाहणं. जुलैच्या बैठकीत याचं प्रात्यक्षिक करायचं ठरलं.

घरी येताना एक गोष्ट मनात होती. आपल्याकडे ही विद्या शिकायला त्या घरात जन्मावं लागे. इथे वर्षाची वर्गणी भरली की कोणीही शेजारी उभं राहून शिकवतं. घराण्याच्या विद्येत खोली जास्त, पण मुलगा शहरात नोकरीला गेला की ती तिथेच थांबते.

रविवार, ८ जून.
अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सचं वार्षिक संमेलन या वर्षी आमच्याच गावात, रिव्हरसेंटरमध्ये भरलं. १९८६ साली स्थापन झालेल्या या संघटनेचं कार्यालय सेंट पॉलमध्येच आहे, आणि साडेतीनशेहून जास्त स्थानिक क्लब तिच्याशी जोडलेले आहेत. एकाच वेळी अनेक दालनांत प्रात्यक्षिकं चालू होती, कुठे जावं ते कळेना. सगळ्यात जास्त रेंगाळले ती ‘इन्स्टंट गॅलरी’त. नाव नोंदवलेला कोणीही तिथे आपलं काम मांडू शकतो. नावाजलेल्या कलावंताच्या कागदासारख्या पातळ फुलदाणीशेजारी कोणाचा तरी पहिलावहिला वाडगा. निवड समिती नाही, पडदा नाही. या क्लबांची खरी ताकद मला तिथे दिसली.

मंगळवार, १० जून.
वार्तापत्र छापायला दिलं. शेवटच्या चौकटीतला मजकूर असा:

जुलैच्या बैठकीत लाखकामाचं प्रात्यक्षिक. सुकं, हलक्या रंगाचं, दोन इंच जाडीचं लाकूड आणावं. पटाशी घरून धार लावून आणावी, साणेपाशी रांग नको. शील्ड नसेल त्याला लेथवर उभं राहता येणार नाही, मग तो कितीही जुना सभासद असो. आणि येताना शेजारच्या एखाद्या तरुण मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन या. त्यांच्यासाठी दोन लेथ मोकळे ठेवले आहेत.