शेवाळ आणि माझा हिशोब



आज सलग सहावा दिवस, सूर्याचं दर्शन नाही. गॅलरीत परवाचे टॉवेल अजून ओलसर आहेत, मिठाला पाणी सुटलंय आणि दुपारी चारलाच स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतोय. बोरिवलीत येऊन मला चाळीस वर्षं झाली, तरी आषाढ लागला की मन सांगलीकडे धावतं. तिकडे पाऊस पडून जातो आणि ऊन पडतं. इथे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. सांगलीला वर्षभरात त्याच्या निम्माही होत नाही.

लग्नानंतरचा पहिला पावसाळा 1984 चा. पिठाची मर्यादा मला माहीत होती, थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. पण माहेरी ते सगळं आई बघायची. मी आपली एकदम पाच किलो गहू दळून आणले. पाचव्या दिवशी डब्याच्या कडेला बारीक जाळी दिसली. सासूबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, इथली हवाच ओली. इथे जीव व्हायला वेळ लागत नाही. आपणच थोडं थोडं आणायचं."

मी बी.कॉम. झालेली. नोकरी केली नाही, पण शिकलेलं घरात वापरलं. प्रत्येक डब्यावर दळल्याची तारीख लिहून चिठ्ठी लावते. किलोभर दळण घेऊन गेलं की गिरणीवाला कुरकुरतो, कुरकुरू दे. गहू-तांदूळ, डाळी मे महिन्यातच कडक उन्हात वाळवते, गव्हाला एरंडेल चोळते, डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालते. जून लागला की ऊन मागून मिळत नाही.

संध्याकाळच्या जेवणाचंही तसंच. जुलैच्या सुरुवातीला मुंबईत सूर्यास्त साधारण सात वीसला असतो, पण आभाळ भरून आलं की पाचलाच सात वाजल्यासारखे वाटतात. सासूबाईंचा घड्याळावर विश्वास नव्हता. गॅलरीत जाऊन तळहात बघायच्या. दिव्याशिवाय रेषा दिसेनाशा झाल्या की पाणी पिऊन हात जोडायच्या. आम्ही पंचांग बघून दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं आधी आटोपतो. सून लोकलने आठला घरी येते, म्हणून तिचा संध्याकाळचा डबा सकाळीच वेगळा भरून देते. ती सहाला ऑफिसमध्येच जेवून घेते.

हे सगळं मला जमतं, असा मला थोडा अभिमान होता. तो उतरला त्याची गोष्ट आज सांगायची आहे.

आमची इमारत जुनी, चार मजली, लिफ्ट नाही. दोन वर्षांपूर्वी जुलैत मागच्या जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर आणि बोळात हिरवंगार शेवाळ धरलं. सेक्रेटरी म्हणाले, ब्लीचिंग पावडर टाकून खरवडून घेऊ. मी खाली जाऊन हात जोडले. "चातुर्मास चालू आहे हो. शेवाळात अनंत जीव असतात. राहू द्या." बिचारे भले माणूस, माझा मान ठेवून परत गेले. मजल्यावरच्या दोघी-तिघींनी माझं कौतुकही केलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

चौथ्या दिवशी आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी त्याच पायरीवरून घसरल्या. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. पाच घरची कामं करून त्यांचं घर चालतं. दवाखान्याचा खर्च आम्ही केला, पूर्ण पगारही दिला, पण बाकीच्या चार घरांपैकी दोन घरांनी दुसरी बाई ठेवली. मावशी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेऊन म्हणाल्या, "ताई, माझाच पाय घसरला." त्या रात्री मला झोप आली नाही. पुण्य मी माझ्या खात्यात जमा करून घेतलं होतं आणि खर्च त्यांच्या नावावर टाकला होता.

त्या वर्षी मंदिरात आर्यिका माताजींचा चातुर्मास होता. स्वाध्यायानंतर मी त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, शेवाळ काढू दिलं असतं तर हिंसा, नाही काढू दिलं तर हे असं. मी करायचं काय होतं? माताजींनी उलट मलाच विचारलं, "तिथे पाणी कधीपासून गळत होतं?"

मी गप्प. मागच्या जिन्याजवळचा पाइप दिवाळीपासून ठिबकत होता. येता-जाता सगळ्यांनी पाहिलं होतं, मीही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये खर्चाचा विषय निघाला तेव्हा "पुढच्या वर्षी बघू" म्हणणाऱ्यांत माझाही हात वर होता.

माताजी म्हणाल्या, घर झाडणं, धुणं, स्वयंपाक यात गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टाळता येत नाही. पण तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आलाय, तो का, याचा विचार करा. मी ते सूत्र लहानपणापासून पाठ म्हणत आलेय. प्रमाद म्हणजे आपला ठिबकता पाइप, हे त्या दिवशी कळलं. तो वेळीच दुरुस्त केला असता तर तिथे एवढं शेवाळ माजलंच नसतं आणि मावशीही पडल्या नसत्या.

त्या पावसाळ्यात शेवाळ काढावंच लागलं. ब्लीचिंग पावडर टाकू दिली नाही. मी स्वतः उभी राहून खराट्याने काढून घेतलं आणि संध्याकाळी प्रतिक्रमणात त्याची क्षमा मागितली. मन हलकं झालं असं नाही.

आता मे महिन्यातली माझी यादी धान्यावर थांबत नाही. पाइपचे जोड, बोळातला उतार, गच्चीच्या पाणी जायच्या जागा, सगळं सेक्रेटरींना दाखवून करून घेते. खर्चाला पहिला चेक आमचा असतो. पायऱ्यांना कठडा बसवला. तरीही थोडं शेवाळ येतंच, समुद्राकाठचं गाव आहे. तिथे दोरी बांधून पुढच्या जिन्याने जा म्हणून पाटी लावतो.

मावशी अजून आमच्याकडे येतात. पाऊस लागला की त्यांचं मनगट दुखतं. जड कुकर आणि कढई मी आधीच घासून ठेवते.

मैत्रिणींनो, तुमच्याही इमारतीत कुठे पाणी ठिबकत असेल तर आजच बघा.

जय जिनेंद्र.