वैराची मुळे

सुपे-मोरगावच्या आमच्या जिरायत पट्ट्यात बांधावरून भाऊबंदकी पेटली की जाणती माणसे प्रथम विचारतात, "जुने काय आहे?" वीतभर जमीन हे निमित्त असते, सलत असतो तो जुना अपमान. जपान व अमेरिका यांच्या वैराकडेही आम्हांला याच दृष्टीने पाहावेसे वाटते.

१८५३ साली कमोडोर पेरी चार युद्धनौकांसह एडोच्या उपसागरात शिरला. दोन शतकांहून अधिक काळ मिटलेले जपानचे दार तोफांच्या धाकाने उघडले. १८५८ च्या कराराने आपली जकात ठरविण्याचा हक्कही जपानने गमावला. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळामंडळाने जपानी मुलांना वेगळ्या शाळेत धाडण्याचा हुकूम काढला. १९१९ च्या पॅरिस परिषदेत वंशसमानतेचा जपानी ठराव, बहुमत असूनही, अध्यक्ष विल्सन यांनी एकमताअभावी नामंजूर केला. १९२४ च्या कायद्याने तर जपानी स्थलांतरितांस अमेरिकेत मज्जाव झाला. ज्याने दार उघडावयास लावले, त्यानेच आपले दार लावून घेतले!

तथापि, अपमान हा अन्यायाचा परवाना नव्हे. जपानने १९१० मध्ये कोरिया गिळला, १९३७ मध्ये चीनवर चाल करून नानकिंगमध्ये निरपराधांची कत्तल केली. १९४१ मध्ये अमेरिकेने तेल तोडले. त्याच वर्षी ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर हल्ला झाला. पुढे अमेरिकेने आपल्याच भूमीवरील जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते.

नागासाकी हे नाव आम्हांला परके नाही. वसईचे संत गोन्सालो गार्सिया तेथेच ५ फेब्रुवारी १५९७ रोजी पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर हुतात्मा झाले. मिशनऱ्यांमागून परकीय फौजा येतील, हा संशय तेव्हाही राज्यकर्त्यांच्या मनात होता. त्याच नगरीवर ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला, तेव्हा उराकामीच्या महामंदिरात मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणानिमित्त भाविक प्रायश्चित्त संस्कार घेत होते. तेथील सुमारे बारा हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजार मृत्युमुखी पडले. बॉम्ब टाकणारेही बहुतांशी ख्रिस्तीच होते. वैराला धर्मबंधू ओळखू येत नाही.

१९८८ मध्ये अमेरिकेने छावण्यांबद्दल कायद्याने क्षमा मागितली व हयात असलेल्या प्रत्येक पीडितास २०,००० डॉलर देऊ केले. गेलेली वर्षे डॉलरांनी भरून येत नाहीत. परंतु बलाढ्य राष्ट्राने "आमचे चुकले" म्हणावे, ही लहान गोष्ट नव्हे. आमच्या घराघरांतील अबोले तर याहून कितीतरी कमी किमतीत मिटतील.