पायाखालचा तवा आणि पसरणीचा घाट

वाईहून पाचगणीला नेणारा पसरणीचा घाट तुमच्यापैकी अनेकांनी एस.टी.च्या खिडकीतून पाहिला असेल. खाली वाईची कौलारू घरं, धोम धरणाचं चकाकणारं पाणी आणि कठड्यावर टपून बसलेली माकडं! शाहीर साबळे यांचं जन्मगाव पसरणी या घाटाच्या पायथ्याशीच आहे. घाट लहानसा, बारा-तेरा किलोमीटरांचा; पण तेवढ्यात रस्ता साडेपाचशे मीटर वर चढतो. गेल्या मे महिन्यात आमची गाडी त्यातले जेमतेम चार किलोमीटर चढली आणि मागे फिरली.

गाडी म्हणजे माझ्या वडिलांनी १९८४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी. मूळची ही इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होता होता १९७४ मध्ये तिचं नव्याने बारसं झालं आणि ती पद्मिनी झाली. मुंबईच्या टॅक्सींमधली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. त्यामुळे तुमच्यातल्या लहानग्यांनी ती पाहिलीही नसेल. गियरचा दांडा स्टिअरिंगपाशी, पुढची बैठक सलग बाकासारखी आणि पुढच्या दाराच्या काचेला लागून एक छोटी त्रिकोणी काच. एसी अर्थातच नाही.

पुण्याहून सकाळी निघायला उशीर झाला (मुलांमुळे नव्हे, माझ्यामुळे). खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला वळलो तेव्हा बारा वाजले होते. मागे माझी आठवीतली पुतणी आणि पाचवीतला पुतण्या, पुढे माझी आई, म्हणजे त्यांची आजी. बाहेरच्या झळा नकोत म्हणून आम्ही काचा वर केल्या आणि त्यांना ओले टॉवेल लावले. पुतणीने घरातला भिंतीवरचा तापमापक बरोबर आणला होता. घाट सुरू झाल्यावर तिने तो आजीच्या पायापाशी ठेवला. पारा चढत चढत पन्नासवर गेला. पुढे आकडेच नव्हते!

"अरे, पायाखाली तवा ठेवलाय की काय!" असं म्हणत आईने पाय वर घेतले. मग ती एकदम गप्प झाली. डोकं दुखतंय म्हणाली, मळमळायला लागलं. "आजीला गाडी लागली," पुतण्याने जाहीर केलं. मलाही तसंच वाटलं. पण गेली चाळीस वर्षं आईला ही गाडी कधी लागली नव्हती. एका वळणावर जागा पाहून थांबलो, तिला मोकळ्या हवेत बसवलं आणि बरं वाटल्यावर सगळ्या काचा खाली करून हळूहळू वाईला परतलो.

वाईला मावशीचा जुना वाडा आहे. संध्याकाळी भावाचा फोन आला. "ती गाडी आता भंगारात दे. आईला आणायला मी दुसरी गाडी पाठवतो." आई काहीच बोलली नाही. वडिलांच्या मागे त्यांची म्हणावी अशी हीच एक वस्तू उरलेली. मी म्हटलं, "उद्याचा दिवस दे मला."

दुसऱ्या दिवशी मावशीच्या ओळखीचे मिस्त्री आले. सगळं ऐकून घेऊन त्यांनी मान हलवली. "आजींना घाट न्हाई लागला, धूर लागला असंल. जिथनं गरम हवा आत येती, तिथनं धूरबी येतो की!"

माझ्या अंगावर काटा आला. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. बंद गाडीत तर जिवावर बेतू शकतं. आणि आम्ही वर काचाही बंद केल्या होत्या!

आत येण्याची वाट शोधायची कशी? "उदबत्ती लावून बघू या?" पुतण्या म्हणाला. मिस्त्री केवढ्याने तरी ओरडले, "पेट्रोलच्या गाडीपाशी उदबत्ती? बॅटरी आण, बॅटरी!" मग त्यांनी बॉनेट उघडून इंजिनाच्या बाजूला टॉर्च धरला. दोन्ही मुलं डॅशबोर्डखाली घुसली आणि मी वरून जाड चादर टाकली. आतून आवाज आला, "काका, चांदण्या!" इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्यातून वायरी आणि केबली आत येतात. त्यांच्या भोकांना रबरी कडी बसवलेली असतात. आमच्या गाडीतली कडी सुकून, तडकून कधीच गळून पडली होती. मोजून सात चांदण्या निघाल्या! आठवी, सगळ्यात मोठी, आईच्या पायाखाली होती. गालिचा उचलला तर गंजलेल्या पत्र्याला रुपयाएवढं भोक! त्याच्याच खाली सायलेन्सरच्या पाइपाचा सांधा. सांध्यावर काळी काजळी. म्हणजे पॅकिंग फुटून धूर तिथेच बाहेर पडत होता.

आता मूळ प्रश्न. एवढी उष्णता येते कुठून? पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते, तिच्यातला साधारण चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोचतो. बाकीची बहुतेक उष्णता रेडिएटरच्या पाण्यातून आणि धुराच्या पाइपातून बाहेर जाते. घाटात इंजिनाला मेहनत जास्त, पण गाडीचा वेग कमी. त्यामुळे समोरून वारा मिळत नाही. सगळी भिस्त पंख्यावर. आमच्या पंख्याचा पट्टा तर इतका ढिला होता की बोटाने दाबला तर झोपाळ्यासारखा हलायचा.

पुतणी शाळेतलं सगळं विसरलेली नव्हती. "काका, पत्र्यातून येते ते वहन, भोकांतून गरम हवा येते ते अभिसरण आणि पाइपाची धग वर लागते ते प्रारण. तिन्ही आहेत!" लगेच बाजारात जाऊन तिने पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाची गुंडाळी आणली. हा कागद गालिच्याखाली चिकटवायचा, म्हणजे उष्णता परत फिरेल असा तिचा बेत. मिस्त्री हसले. "ताई, तापल्या पत्र्याला चिकटवला तर ह्यो कागदबी तापंल. मधी हवा पाहिजे."

हवा कशाला? याचं उत्तर मावशीच्या वाड्यातच होतं. दुपारी मुलांना वर माळ्यावर पाठवलं. दोन मिनिटांत घामाघूम होऊन खाली आली. कौलांखाली भट्टी, पण माळ्याच्या खालच्या खोलीत मात्र गारवा. कौलं आणि खोली यांच्यामधली माळ्यावरची हवा उष्णतेला सहजासहजी खाली येऊ देत नाही. मिस्त्रींनी गाडीला तसाच माळा केला, फक्त उलटा! पाइप आणि गाडीचा तळ यांच्यामध्ये पातळ पत्रा बसवला आणि दोन्हींकडे बोटभर फट ठेवली.

पण त्याआधी बैठक, गालिचा आणि बॅटरीची वायर काढून भोकावर पत्रा वेल्डिंग केला. जवळ पाण्याची बादली भरून ठेवली होती. सांध्याचं पॅकिंग नवं, सातही चांदण्यांना नवी रबरी कडी, पट्टा ताणून घट्ट. गालिच्याखाली जाड नमदा. एवढ्याला दीड दिवस लागला.

काम चालू असताना आम्ही ढोल्या गणपतीला जाऊन आलो. रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. कृष्णेचा पूर तिच्यावर थडकून न थांबता दोन बाजूंनी वाटेला लागावा म्हणून! मला हे देऊळ फार आवडतं, आणि त्या दिवशी जरा जास्तच आवडलं. आमच्या पंख्याचा पट्टासुद्धा त्याचसाठी ताणला होता. उष्णता अडवली तरी तिला जायला वाट हवीच ना!

तिसऱ्या दिवशी पुन्हा घाट चढलो. या वेळी सकाळी सातला. त्रिकोणी काच पूर्ण फिरवली की ती सुपासारखी वारा आत लोटते. थोडीच उघडली तर आतली हवा बाहेर ओढते. ही गंमत मुलांनी शोधून काढली आणि घाटभर दोघांचं त्यावरून भांडण. खरं सांगायचं तर गाडी गार वगैरे झाली नव्हती. सकाळची वेळही आमच्या बाजूने होती. पण आईचे पाय खाली होते आणि पारा एकेचाळीसवर थांबला होता.

धोमचं पाणी दिसू लागलं, मागच्या खेपेचं वळण मागे पडलं. आईने डोळे मिटलेले पाहून पुतणी घाबरली आणि तिने आजीला गदागदा हलवलं. "आजी, डोकं दुखतंय का गं?"

"आत्तापर्यंत नव्हतं," आई म्हणाली, "आता तू उठवलंस ना, म्हणून दुखतंय!"