धूर हवा, खोकला नको

आमच्या घरात धुराचं दोन्हीकडून आहे. गोश्तात तो हवा असतो आणि अम्मींच्या छातीत नको असतो. अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. मंगरूळपीर तालुक्यातल्या एका खेड्यात त्या लग्न होऊन आल्या, तेव्हापासून तीस-बत्तीस वर्षं त्यांनी तुराट्या आणि पऱ्हाट्यांवर स्वयंपाक केला. घरात गॅस आला तोवर छातीचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी 'सीओपीडी' असं नाव सांगितलं आणि विचारलं, "आजी बिडी ओढतात का?" आम्ही नाही म्हटलं. "मग चूल," असं म्हणून त्यांनी पंप लिहून दिला.

तेव्हापासून आमच्याकडे कोळसा पेटत नाही. किम्याच्या पातेल्यात मधोमध कांद्याचा पापुद्रा, त्यात निखारा, त्यावर चमचाभर तूप आणि लगेच झाकण, ही कोळशाची धुनी अम्मींची खासियत होती. तीही बंद झाली. पंप घेऊन जगणाऱ्या बाईला किम्याची चव विचारू नये, इतकं मला कळतं. पण त्या स्वतःच दर ईदला एक घास घेऊन म्हणायच्या, "अच्छा है. धुवाँ नहीं है."

या घरात यंदा जानेवारीत माझा भाचा धूर करायचं यंत्र घेऊन आला.

भाचा म्हणजे नणंदेचा मुलगा. शिकलाय हॉटेलचं काम. नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला आणि शेलूबाजारजवळ गाड्या चढू-उतरू लागल्या, तेव्हापासून त्याच्या डोक्यात तिथे खाण्याचं दुकान आहे. तंदुरी चिकन सगळेच विकतात, आपण वेगळं काही विकायचं, असा त्याचा हिशेब. पुण्याहून ट्रान्सपोर्टने त्याने पेलेट स्मोकर मागवला. थोडे पैसे भरलेले, बाकीचे आठ दिवसांत. पसंत पडलं नाही तर भाडं सोसून परत पाठवायचं. बाकीचे पैसे अम्मी आपल्या सोन्याच्या पाटल्या मोडून देणार होत्या. त्यामुळे रविवारी आमच्या अंगणात जे शिजणार होतं, त्यावर बरंच काही अवलंबून होतं.

यंत्र बघून मला पहिल्यांदा पिठाच्या गिरणीची आठवण झाली. बाजूला एक पेटी, तिच्यात लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या टाकायच्या. गोळी म्हणजे पेन्सिलीएवढ्या जाडीचा बारका तुकडा, सहा-आठ मिलीमीटरचा. गोळीत डिंक किंवा गोंद घालावा लागत नाही. लाकडातच लिग्निन नावाचा पदार्थ असतो, तो दाबाने आणि उष्णतेने मऊ होतो आणि थंड झाल्यावर भुसा घट्ट धरून ठेवतो. पेटीखाली किमा काढायच्या मशीनमध्ये असतो तसा मळसूत्री दांडा. तो हळूहळू फिरून गोळ्या एका लहान लोखंडी वाटीत ढकलतो. तिथे विजेने तापणारी कांडी त्यांना पेटवते, पंखा हवा देतो, आणि आतला तापमापक सांगेल तसा दांडा जलद किंवा सावकाश फिरतो. विस्तव आणि गोश्त यांच्यामध्ये पत्र्याचा ताट असतो, म्हणजे चरबी थेट आगीवर गळत नाही. चरबी जळून जो काळा, घातक धूर होतो तो पुष्कळ टळतो. पुष्कळ म्हणजे सगळा नव्हे. धुरावरचं गोश्त रोज खायची चीज नाही, हे मी भाच्याला तेव्हाच सांगून ठेवलं.

ही कल्पना अमेरिकेतली. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर तिकडे घरं गरम ठेवायला लाकडाच्या गोळ्या वापरात आल्या. ऑरेगन राज्यातल्या जो ट्रेगर यांचा घरं तापवण्याच्या साधनांचा धंदा होता. त्यांनी तीच गोळी स्वयंपाकाला लावली आणि १९८६ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. तिकडे या यंत्रावर गाईबैलाच्या छातीचा मोठा तुकडा बारा-बारा तास ठेवतात. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानंतर तो प्रश्नच नाही. आम्ही बकऱ्याची रान घेतली, हाडासकट दोन किलोला थोडी कमी.

शनिवारी रात्री पहिला वाद झाला. अम्मी म्हणाल्या, रानेला कच्ची पपई लाव. भाचा म्हणाला, "नानी, पपई नको." अम्मींना ते पटेना; पपईशिवाय रान गळते का? पण मुलाचं बरोबर होतं. पपईतलं पेपेन साठ-सत्तर अंशांच्या आसपास सगळ्यात जोरात काम करतं. तव्यावर किंवा तंदुरात गोश्त त्या टप्प्यातून झटकन निघून जातं. इथे मंद आचेवर ते तासन्‌तास तिथेच रेंगाळणार, आणि वरचा भाग लगदा होणार. शेवटी मीठ, काळी मिरी, धणे, आलं-लसूण आणि थोडं तिखट एवढंच लावलं. अम्मी गप्प राहिल्या, पण तसबीह जरा जोरात फिरत होती.

दुसरा वाद पोत्यावरून. भाच्याचा एक दोस्त शेतमालाच्या भुश्याच्या गोळ्यांचं पोतं फुकट घेऊन आला. कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जाळायला असल्या गोळ्या बनतात. आपल्या भागात पऱ्हाटी आहे, तुराटी आहे, सोयाबीनचं कुटार आहे, माल मुबलक. दिसायला दोन्ही गोळ्या सारख्या. पण बॉयलरच्या गोळीत काय काय गेलंय हे कोणी बघत नाही. कपाशीवर किती फवारण्या होतात हे आपण शेजारच्या वावरात बघतो. भुसा प्लायवूडचा असेल तर त्यात चिकटवायचं रसायन आलं. वर राखही जास्त, ती वाटी चोंदवते. लोखंड तापवायला ठीक आहे, पण त्या धुरात अन्न ठेवायचं नाही. खाणं हलाल असावं तसं तय्यबही असावं, एवढं तर आपण मुलांना दिनियातच्या वर्गात शिकवतो. पोतं परत गेलं. खाण्यासाठीच्या गोळ्यांची पिशवी पुण्याहून आली होती, चांगलीच महाग.

आता खरी काळजी अम्मींची. मी आधीच ठरवलं होतं की यंत्र अंगणाच्या पार टोकाला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला राहील आणि अम्मी ओट्यावर बसतील. पेटताना पहिली सात-आठ मिनिटं पांढरा, दाट धूर निघतो, तेवढा वेळ त्यांना आत खोलीत, दार लावून. असलं यंत्र घरात किंवा बंद पडवीत तर कधीच पेटवू नये. कोळशाच्या शेगडीसारखाच याचाही विषारी वायू वास न येता माणसाला झोपवतो.

फज्रनंतर आधी यंत्र रिकामंच तासभर चालवलं, कारखान्यातलं तेल जळून जावं म्हणून. मग आच एकशेदहा अंशांवर ठेवून सात वाजता रान आत गेली. पांढरा धूर विरळ झाला, आणि मग बारीक निळसर धार निघू लागली. हाच धूर हवा. दाट पांढरा धूर गोश्ताला कडू करतो.

मी अम्मींना बाहेर आणलं. त्यांनी ओढणी नाकाला लावली. थोड्या वेळाने बाजूला केली. एकदा, दोनदा श्वास घेतला. मी पंप हातात धरून उभी होते. खोकला आला नाही.

"इसमें फूंकना नहीं पड़ता?" त्यांनी विचारलं.

"नाही नानी, पंखा आहे."

त्या बराच वेळ त्या पंख्याच्या आवाजाकडे कान लावून बसल्या. ओल्या पऱ्हाट्या असल्या की फुंकणीने फुंकून फुंकून डोळे कसे लाल व्हायचे, हे त्या मला पूर्वी एकदाच बोलल्या होत्या, तेही हसत.

अकराच्या सुमारास गोश्ताच्या आतलं तापमान अडुसष्टवर येऊन थांबलं. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, काटा हलेना. भाचा घामाघूम. यंत्र बिघडलं म्हणून पुण्याला फोन लावायला निघाला. मी त्याला माठ दाखवला. माठातलं पाणी झिरपून वाऱ्यावर उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं, म्हणून पाणी थंड राहतं. पाचवीच्या मुलांना हे शिकवते मी. गोश्तालाही घाम येतो. बाहेरून जेवढी उष्णता मिळते तेवढी घाम उडण्यात जाते, म्हणून काटा थांबतो. उपाय म्हणजे वाट बघायची, नाहीतर घाम उडूच द्यायचा नाही. बकऱ्याच्या रानेत चरबी कमी. वाट बघितली तर ती सुकून लाकूड होईल. म्हणून तूप आणि दोन पळ्या यखनी घालून ती फॉईलमध्ये घट्ट गुंडाळली. काटा चढू लागला.

साडेबाराला लाईट गेली. पंखा बंद, दांडा बंद, आणि वाटीतला विस्तव धुमसू लागला. पुन्हा तो पांढरा धूर. अम्मींना आत नेलं. भाच्याने घरातल्या इन्व्हर्टरवरून तार ओढली. पेटताना यंत्राला वीज बरीच लागते, एकदा पेटलं की एखाद्या लहान पंख्याएवढीच. चाळीस मिनिटं निघाली. पण शेलूबाजारच्या दुकानात इन्व्हर्टरशिवाय हे चालणार नाही, हे वहीत लिहिलं गेलं. पावसाळ्याचंही लिहिलं: गोळीला ओल लागली की ती फुगून परत भुसा होते आणि दांडा अडकतो.

आणखी एक गोष्ट मी त्याला लिहायला लावली. २००६ च्या सुमारास बीपी या कंपनीने बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेबरोबर 'ऊर्जा' नावाची गोळ्यांवरची, पंख्याची चूल काढली होती. महाराष्ट्रातही ती खूप खपली. चूल चांगली होती, धूर कमी होता. पुढे त्याच शेतकचऱ्याला कारखान्यांकडून मागणी आली, गोळ्या महागल्या आणि मिळेनाशा झाल्या. गोळीच नसेल तर चूल काय कामाची? तेव्हा गोळी कोण देणार, कुठल्या भावाने, किती महिने, हे आधी कागदावर घे, असं मी म्हटलं. त्याला ते आवडलं नाही. पण लिहिलं.

अडीचला काटा त्र्याण्णववर आला. तासभर रान तशीच गुंडाळून ठेवली आणि असरच्या आधी दस्तरख्वान अंथरलं. फॉईल उघडल्यावर नळीचं हाड हाताने ओढून निघालं. बाहेरून रंग गडद तांबडा, आत रस. मुलांनी बोलणंच सोडलं.

सगळे अम्मींकडे बघत होतो. त्यांनी एक तुकडा भाकरीबरोबर सावकाश खाल्ला.

"नरम है," त्या म्हणाल्या. "धुवाँ भी है." मग थोड्या थांबून, "तुराटी का नहीं है."

भाच्याचं तोंड उतरलं. अम्मींनी दुसरा तुकडा घेतला. मग तिसरा.

जेवणानंतर हिशेब झाला. दोन किलोच्या रानेची हाड वगळून जेमतेम सात ताटं, आठ तास आणि पाच-सहा किलो गोळ्या. हमरस्त्यावरचं गिऱ्हाईक एवढे पैसे देईल असं मला वाटलं नाही, आणि तसं मी बोलले. भाच्यानेही मान्य केलं. रोज कोंबडी, जी जास्त आचेवर दोन-अडीच तासांत होते. रान फक्त जुम्म्याला, आधी ऑर्डर असेल तर.

अम्मी ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, या यंत्रापाशी उभं कोण राहणार? भाचा म्हणाला, गावातली एखादी बाई ठेवीन. अम्मी उठून आत गेल्या आणि पाटल्यांचा रुमाल घेऊन बाहेर आल्या. त्याच्या हातात दिला नाही. मांडीवर ठेवून बसल्या. यंत्रावर शेड उंच बांधायची, धुराचा पाईप छपराच्या वर न्यायचा, पेटताना बाई जवळ उभी राहणार नाही, आणि तिला दर महिन्याला पगार हातात मिळेल. हे त्यांनी माझ्याकडून वहीत लिहून घेतलं आणि भाच्याची सही घेतली.

मग रुमाल दिला.