मालक ‘हो’ म्हणेपर्यंत

चि. मनू,

तुझं पत्र आलं आणि रात्री डोळा लागला नाही. ट्रकने उडवलेली वरातीची घोडी, पुढच्या पायाची नळी मोडून हाड बाहेर, मालक ‘मरणाचं इंजेक्शन नको’ म्हणून तुझ्या पाया पडतोय, आणि तू पहाटेपर्यंत तिच्या मानेपाशी. मालकाचं न ऐकता तिला सोडवायला हवं होतं का, असं विचारतेस. नाही, मनू. तो अधिकार तुला नव्हता. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं १३ वं कलम पुन्हा वाच. मालक हजर नसेल किंवा नकार देत असेल, तर शिपायाच्या वरच्या हुद्द्याच्या पोलिसाने त्या भागातल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलवायचं, जिवंत ठेवणं क्रूरपणाचं ठरेल असं त्याने लिहून द्यायचं, आणि मग दंडाधिकाऱ्यांचा आदेश घ्यायचा. अपरात्री हे जुळवणं किती कठीण ते मी जाणते. म्हणूनच पोलिसांना पहिल्या दहा मिनिटांत बोलवायचं असतं.

पण माझा जीव तुटला तो तुझ्या दुसऱ्याच वाक्याने. ‘निर्णय होईपर्यंत काही दिलं नाही.’ का गं? मालकाने फक्त ते एक इंजेक्शन नको म्हटलं होतं. नाडी बघून, बेताने, गुंगीचं आणि दुखणं थांबवणारं औषध देता आलं असतं. पाय बांधता आला असता. उशी, कापसाचे थर, बाहेरून उभा चिरलेला पीव्हीसी पाइप, वरचा आणि खालचा सांधा दोन्ही धरून. हाड हलायचं थांबलं की जनावराची निम्मी घाबरगुंडी उतरते. जगवायचं की नाही हा वाद माणसांचा आहे, तो रात्रभर चालला तर तिने तोवर का तळमळायचं? हे मी किती जणांना, किती वर्षं सांगत आले आहे! आणि माझ्याच हाताखाली शिकलेली तू…

लोक रक्त बघून बोलतात. चारशे किलोच्या घोड्यात तीसेक लिटर रक्त असतं, पाचेक लिटर सांडलं तर रस्ता लाल होतो, घोडं लगेच मरत नाही. मिरजेकडची ती लाल घोडी आठवते ना? छातीची कातडी फाटलेल्या पदरासारखी लोंबत होती, सगळे म्हणत होते सोडवा हिला. हिरड्या गुलाबी होत्या, जबड्याखालची नाडी साठाच्या आत. तुझ्या आजोबांनी बॅटरी धरली, मी टाके घातले, आणि पुढच्या लग्नसराईत ती नवरदेव घेऊन गेली. उलट सांध्यावर बोटभर भोक पडलं की मालक हळद दाबून मोकळा होतो, आणि त्याच सांध्यात पू होऊन घोडं जातं. कोपर खाली पडून लोंबणारा पायही दर वेळी मोडलेला नसतो, कधी नस चेंगरलेली असते. म्हणून आधी हात लाव, मग बोल.

तुझी घोडी मात्र वाचणारी नव्हती. नळीवर मांस नसतं, हाड कातडी फाडून थेट मातीत आलं. अमेरिकेतल्या त्या शर्यतीच्या घोड्याचं, बार्बारोचं, तुला माहीत आहे. मे २००६ मध्ये प्रीकनेसच्या शर्यतीत मागचा पाय मोडला. उत्तम सर्जन, पट्ट्या, स्क्रू, पैशाची ददात नाही. मोडका पाय जुळत असताना धडधाकट पायाच्या खुरात दाह सुरू झाला, पुढे पुढच्या पायांतही, आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला दयामरण द्यावं लागलं. तेव्हा मालक ‘प्लॅस्टर घाला ना’ म्हणाला की ‘बघू’ म्हणू नकोस. त्या एका शब्दावर तो रात्र काढतो. त्याला बघ्यांपासून लांब ने, शेजारी बस, घरच्यांना फोन लावून दे. तो निर्दय नाही गं. अंगावर कर्ज आहे, पुढच्या तारखांचे विसार घेतलेत, पोरांनी घोडीचं नाव ठेवलंय. आणि ‘हो’ म्हणाला की कागदावर सही घे.

खरं तर हा प्रश्न रस्त्यावर विचारायचाच नसतो. लस टोचायला जातेस तेव्हा विचार. असं काही झालं तर कोण ठरवणार, फोन कुठे करायचा? लसीच्या कार्डावरच लिहून घे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडं घेणाऱ्या प्रत्येकाच्या हातात असं कार्ड पडावं, असं मला फार वाटतं. आणि रात्रीच्या वराती हायवेवर नकोतच! ढोलताशा, दिव्यांचा झगमगाट, मागून भरधाव गाड्या, आणि बिचारी घोडी बिनचमकपट्टीची. तिथल्या सरपंचांशी बोल, बँडवाल्यांशी बोल. मी येऊ का बोलायला?

आणि तू बसलीस तिथे मागे जीप आडवी लावली होती का? दिवे लुकलुकत होते? चमकीचं जॅकेट गाडीत असतं की घरी खुंटीवर? घोडीच्या डोक्याचा फटका मनगटाला बसला हे पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहितेस, जणू काही झालंच नाही. सूज उतरली का? बोटं वळतात का? उद्याच्या उद्या एक्स-रे काढ आणि मला फोन कर. पत्र नको, फोन कर.

तुझी,
मावशी