फुकटाचं कोटेशन

खरेदी समितीच्या तुलनात्मक तक्त्यात वर्डप्रेससमोर, किमतीच्या रकान्यात मी ‘निरंक’ लिहिलं आणि तिथल्या तिथे ते बाद झालं. या गोष्टीला आता बराच काळ लोटला, पण ती फाइल नजरेला पडली की अजून माझं डोकं फिरतं.

कॉलेज तालुक्याच्या गावचं, अनुदानित. मी ग्रंथपाल. वेबसाइट समितीवर ग्रंथपालाला हमखास घेतात, कारण आम्हाला म्हणे वेळ असतो. जुनी वेबसाइट एका कंपनीच्या स्वतःच्या पॅनेलवर चालायची. नॅकच्या मूल्यांकनाच्या वेळी काय होतं ते कॉलेजात नोकरी करणाऱ्यांना सांगायला नको. स्वयंमूल्यमापन अहवालात कागदपत्रांच्या ढिगानं लिंक्स द्यायच्या आणि पडताळणीच्या वेळी त्या उघडल्या पाहिजेत. आमच्या कंपनीनं नेमका त्याच सुमारास सर्व्हर बदलला, सगळ्या पीडीएफचे पत्ते बदलले आणि लिंकवर टिचकी मारली की ‘४०४’. आमचाच डेटा आम्ही मागितला तर एक झिप फाइल आली. आत फाइलींना नावं नाहीत, नुसते आकडे. ग्रंथालयात पुस्तक या कपाटातून त्या कपाटात गेलं तरी त्याचा दाखल क्रमांक बदलत नाही, एवढी साधी शिस्त ज्या धंद्यात नाही त्याला लोक तंत्रज्ञान म्हणतात.

तर नवी सीएमएस निवडायची ठरलं. सीएमएस म्हणजे एचटीएमएल न येणाऱ्यालाही वेबसाइटवर मजकूर चढवता येईल अशी व्यवस्था. ग्रंथालयातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी वर्डप्रेस, जूमला आणि ड्रुपल तिन्ही टाकून बघितली. प्राचार्य सरांची अट एकच: विभागांनी आपापला मजकूर टाकावा, पण स्वतः सरांनी पाहिल्याशिवाय काही बाहेर दिसू नये. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी ‘कॉन्ट्रिब्युटर’ ही पायरी आहे. तो लिहितो, प्रसिद्ध वरचा करतो. सोयीचं वाटलं. पण करून पाहिलं तेव्हा कळलं की कॉन्ट्रिब्युटरला फोटो किंवा पीडीएफच चढवता येत नाही. एक पायरी वर नेऊन ‘ऑथर’ केलं तर फाइल चढते, पण मग तो स्वतःच प्रसिद्धही करतो. आमच्याकडे नव्वद टक्के मजकूर म्हणजे पीडीएफच! या कामाला ड्रुपल खरं चोख. मसुदा, मंजुरी, प्रसिद्धी हे सगळं त्याच्या मूळ सांगाड्यातच आहे. पण ते अपडेट करायचं तर काळ्या खिडकीत कमांड टाकायच्या, आणि ते करणारा माणूस आमच्या तालुक्यात मला दिसेना. जूमलाचं म्हणाल, तर शेजारच्या एका कॉलेजची साइट जूमला ३ वर होती. त्या आवृत्तीचा आधार ऑगस्ट २०२३ मध्ये संपला आणि ती साइट तशीच लोंबकळत राहिली. शेवटी वर्डप्रेस. मंजुरीच्या अडचणीवर एका प्लगइनचा, म्हणजे वरून जोडायच्या पुरवणी सॉफ्टवेअरचा, तोडगा निघत होता. सगळं टिपणीत व्यवस्थित लिहून दिलं.

मग बैठक.

“मॅडम, तीन कोटेशनं लागतात,” कार्यालयातले भाऊसाहेब म्हणाले. मी म्हटलं, सॉफ्टवेअर फुकट आहे, फक्त सर्व्हरचं भाडं द्यायचं. “ते खरं हो, पण फुकट वस्तूचं कोटेशन कोण देणार? ऑडिटला मी काय दाखवू?” एक सर म्हणाले, फुकट आहे म्हणजे त्यात काहीतरी गोम असणार. मी सांगितलं, २००३ पासून चाललंय, जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट्स त्यावर आहेत. ते म्हणाले, “मग हॅकही त्याच जास्त होत असतील.” यावर मला गप्प बसावं लागलं, कारण ते काही खोटं नव्हतं. जुनी प्लगइन तशीच ठेवली की चोर तिथूनच शिरतो. आपलं ग्रंथालय कोहा या सॉफ्टवेअरवर चालतं, तेही फुकटच आहे, न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय ट्रस्टसाठी १९९९ मध्ये ते लिहायला घेतलं आणि आज जगभर वापरतात, हेही सांगून पाहिलं. कोणी ऐकलं नाही. तक्त्यात एक ओळ निरंक, म्हणून तुलनाच होऊ शकत नाही, असा शेरा पडला.

रीतसर तीन कोटेशनं मागवली. तिन्हींत एकच वाक्य, थोड्याफार फरकानं: ‘आमची स्वतः विकसित केलेली, सुरक्षित सीएमएस’. सर्वांत कमी दर ज्यांचा होता त्यांना प्रात्यक्षिकासाठी बोलावलं. नीटनेटका मुलगा आला, लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. सरकत्या पट्टीत सूचना, प्रत्येकीपुढे लुकलुकणारं लाल ‘न्यू’, तळाशी भेट देणाऱ्यांचा आकडा, वर प्राचार्यांचा फोटो. समिती खूश. मी मागच्या खुर्चीवर बसून मोबाइलवर त्याच डेमो साइटचा पत्ता टाकला आणि शेवटी तिरपी रेघ देऊन ‘डब्ल्यूपी-अ‍ॅडमिन’ लिहिलं.

वर्डप्रेसचं लॉगिनचं पान उघडलं. वरचं बोधचिन्ह बदलून कंपनीचं टाकलेलं, बाकी चौकट, निळं बटण, खाली पासवर्ड विसरलात का, सगळं तसंच्या तसं. मग प्राचार्यांच्या फोटोचा पत्ता पाहिला. ‘डब्ल्यूपी-कंटेंट’, त्यापुढे ‘अपलोड्स’, त्यापुढे साल आणि महिना. मी मोबाइल शेजारी बसलेल्या आयक्यूएसीच्या, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, सरांना दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिलं आणि चहाचा कप उचलला.

मी विचारलंच. “हे वर्डप्रेस आहे ना?” मुलगा अजिबात गडबडला नाही. “मॅडम, बेस तो आहे, पण आतमध्ये आमचं पूर्ण कस्टमायझेशन आहे.” आता, वर्डप्रेस विकणं हा गुन्हा नाही. त्याच्या परवान्यातच विकायला मुभा आहे. उभारणीचे पैसे घ्या, देखभालीचे घ्या, माझी काही हरकत नाही. पण ‘स्वतः विकसित’? आणि खरी चीड त्या मुलाची आलीच नाही. मी बैठकीत सरळ सांगितलं की फुकट म्हणून आपण जे बाद केलं तेच हे विकत देतायत. त्यावर भाऊसाहेब अत्यंत शांतपणे म्हणाले, “असेल मॅडम. पण यांचा रकाना भरलेला आहे.” ठराव एकमतानं झाला. एकमतात मीही होते, कारण विरोध नोंदवायचा तर वेगळं पत्र द्यावं लागतं.

साइट झाली. पण सिस्टिम कुठलीही आणली तरी आमच्या कार्यालयात सूचना अजून श्री-लिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्येच टाइप होते. ती वेबसाइटवर चिकटवली की अक्षरांचा पार भुगा. म्हणून प्रिंट काढायची, सही-शिक्का मारायचा, स्कॅन करायची, चढवायची. बीएच्या वर्गातला एक दृष्टिहीन विद्यार्थी शिष्यवृत्तीची सूचना विचारायला माझ्याकडे आला. “मॅडम, पीडीएफ उघडतं, पण एनव्हीडीए काहीच वाचत नाही.” एनव्हीडीए म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. ते वाचणार कसं? तो मजकूर नाहीच, फोटो आहे. सीएमएसवर आम्ही इतकं भांडलो, त्यापेक्षा कार्यालयात युनिकोड सक्तीचं केलं असतं तर त्या मुलाचं भलं झालं असतं. कुठल्याही कॉलेजला माझं सांगणं हेच. आधी युनिकोड, मग डोमेन कॉलेजच्या नावावर आहे का ते बघा, मग बॅकअप कुणाच्या हातात राहणार ते विचारा. सॉफ्टवेअरचं नाव सगळ्यात शेवटी.

आणि हेही सांगते. प्रवेशाच्या काळात गुणवत्ता यादी लागली त्या रात्री साइट बसली. अकरा वाजून गेले होते. कंपनीच्या त्याच मुलाला फोन केला, त्यानं उचलला आणि तासाभरात साइट उभी केली. माझ्या म्हणण्याप्रमाणे झालं असतं तर तो फोन मला आला असता, आणि मी काय केलं असतं देव जाणे. म्हणजे रकाना भरलेला असण्यात काही अर्थ असतो, हे मला कबूल करावं लागतं. तरी ‘स्वतः विकसित’ खुपतंच.

मुख्य म्हणजे अ‍ॅडमिनचा पासवर्ड अजून कंपनीकडेच आहे. आम्हाला ‘एडिटर’ करून ठेवलंय. यंदा देखभालीचा करार वाढवायचा आहे. पासवर्ड कॉलेजच्या ताब्यात आल्याशिवाय बिल काढू नये अशी टिपणी मी पाठवली. ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन ती परत आली आहे.